लाल तेल, देवमासा आणि ‘आजन्म’ गिअरबॉक्स

#धागा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी लाख-सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेली, की तिच्या मालकाला एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे मिळू लागतात. एक मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्सचे तेल ताबडतोब बदला. दुसरा म्हणतो, इतकी वर्षे बदलले नाही ना, मग आता हात लावू नका. नवे तेल घातले की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा. गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडावी, तर तिच्यात कधीकधी तिसरेच उत्तर छापलेले असते: हे तेल बदलावे लागतच नाही.

या तिन्ही उत्तरांना स्वतःचा इतिहास आहे. तो जर्मनीतल्या एका जहाजगोदीपासून सुरू होतो, डेट्रॉइटमार्गे दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांत शिरतो आणि तिथून थेट प्रशांत महासागरातल्या देवमाशांपाशी जाऊन पोहोचतो. आजचा धागा या इतिहासावर आहे. मजकूर लांबला आहे, पण जुनी ऑटोमॅटिक गाडी बाळगणाऱ्याच्या, किंवा सेकंडहँड घेऊ पाहणाऱ्याच्या, खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

सुरुवात १९०५ सालची. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता तेव्हा बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्टेटिन शहरात, व्हल्कन जहाजगोदीत काम करत होता. (हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव श्चेचिन आहे.) त्याच्यापुढचा पेच असा होता: जहाजांना नवी वाफेची टर्बाइन बसू लागली होती. टर्बाइन वेगाने फिरले तरच कार्यक्षम ठरते. उलट जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. तेवढी प्रचंड ताकद पेलणारे दातेरी चक्र बनवणे त्या काळी अवघड होते. फ्योटिंगरने दातेच काढून टाकले. एका चक्राने द्रव ढकलावा आणि त्या द्रवाच्या झोताने समोरचे चक्र फिरावे, अशी रचना त्याने मांडली व तिचे पेटंट घेतले. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसराही फिरू लागतो, तसेच काहीसे. फक्त हवेच्या जागी द्रव. जहाजांवरच्या या यंत्रात तो द्रव म्हणजे साधे पाणी होते.

आजच्या ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर हा याच कल्पनेचा वंशज आहे. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये धातूला धातूची घट्ट पकड नसते, असते ते तेल. म्हणूनच सिग्नलला गाडी थांबते, पण इंजिन बंद पडत नाही.

मोटारीत ही कल्पना यायला तीन दशके लागली. जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन नावाचा अभियंता होता. गिअर टाकताना होणारी दातांची करकर संपवणारी सिंक्रोमेश रचना त्याने आधीच सिद्ध केली होती आणि १९२८ मध्ये ती कॅडिलॅकमध्ये आली होती. त्याच्या चमूने पुढे क्लचचे पायडलच नाहीसे करायचे ठरवले. १९३९ मध्ये, १९४० च्या मॉडेलसाठी, ओल्ड्समोबिल गाडीला ‘हायड्रा-मॅटिक’ हा गिअरबॉक्स ५७ डॉलर जादा मोजून मिळू लागला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. फ्योटिंगरच्या तत्त्वावरची द्रव-जोडणी आणि तिच्यामागे तेलाच्या दाबाने आपोआप बदलणारे चार गिअर, अशी त्याची घडण होती.

मग युद्ध आले. अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि दोन हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स बसवले गेले. पुढे एम-२४ रणगाड्यातही तीच जोडी आली. ज्याने आयुष्यात कधी क्लच दाबला नव्हता असा नवशिका सैनिकही तो रणगाडा चालवू शके. युद्धानंतरच्या जाहिरातींत जनरल मोटर्सने रणांगणाचा हा दाखला मनसोक्त वापरला.

इथवरची गोष्ट यंत्राची. आता तेलाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

इंजिनातल्या तेलाचे मुख्य काम एकच: घर्षण कमी करायचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाला एकाच वेळी चार कामे करावी लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते ताकद वाहून नेते. वाल्व्ह बॉडीच्या चक्रव्यूहात शिरून ते दाब निर्माण करते आणि कुठला गिअर कधी पडायचा हे त्या दाबावर ठरते. ते सगळ्या भागांना थंड आणि ओले ठेवते. चौथे काम सर्वांत विचित्र आहे. आतल्या क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. त्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की त्यांनी घट्ट धरले पाहिजे. पण धरता धरता धक्का बसता कामा नये, चकत्या थरथरता कामा नयेत, कर्कश आवाजही येता कामा नये. म्हणजे घसरू देणारे आणि धरू देणारे असे दोन्ही गुण एकाच तेलात हवेत. वंगणशास्त्रात याहून अवघड मागणी क्वचितच कुणी केली असेल.

१९४९ मध्ये जनरल मोटर्सने या तेलाचे मानक जाहीर केले: ‘टाइप ए’. कोणत्याही कंपनीने ते बनवावे, शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेकडून तपासून घ्यावे आणि मिळालेला पात्रता क्रमांक डब्यावर छापून पेट्रोलपंपावर विकावे. तेलात लाल रंग घातलेला असे. हेतू व्यवहारी होता: गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे एका नजरेत कळावे, आणि भलत्या ठिकाणी भलते तेल ओतले जाऊ नये. ‘लाल तेल’ ही खूण आजही टिकून आहे, जरी सगळी आधुनिक तेले आता लाल राहिलेली नाहीत. काही पिवळसर असतात, काही हिरवी.

क्लचच्या चकत्यांचे ते अवघड काम साधण्यासाठी या तेलात एक पदार्थ मिसळला जाई. तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या अंगातून येत असे.

स्पर्म व्हेल म्हणजे दात असलेल्या देवमाशांतला सर्वांत मोठा प्राणी. त्याच्या अवाढव्य डोक्यात एक मेणचट द्रव भरलेला असतो. जुन्या दर्यावर्दी शिकाऱ्यांना तो वीर्यासारखा वाटला आणि त्या गैरसमजातूनच प्राण्याला हे नाव चिकटले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे नेहमीचे तेल नव्हेच. ते द्रवरूप मेण आहे. लांबलचक रेणू, त्यांच्या मधोमध धातूला चिकटणारा एस्टर गट. हे रेणू धातूच्या पृष्ठभागावर गालिच्याच्या तंतूंसारखे उभे राहतात. चकत्या जवळ येतात तेव्हा हा गालिचा त्यांना अलगद टेकू देतो आणि मगच पकड बसते. वर हे द्रव्य उष्णतेने सहजासहजी बिघडत नाही आणि थंडीत फार घट्टही होत नाही. कारखान्यात याच्या तोडीचे काही बनवणे त्या काळी सोपे नव्हते, आणि देवमासा मारणे स्वस्त होते.

इथे एका लोकप्रिय समजुतीची दखल घेतली पाहिजे. अमेरिकेत १८५९ मध्ये टायटसव्हिलला खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेल आले, दिव्यांसाठी देवमासे मारण्याची गरज उरली नाही आणि अशा रीतीने खनिज तेलाने देवमासे वाचवले, ही कथा अनेक पुस्तकांत आढळते. ऐकायला ती छान वाटते. पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मिळून, म्हणजे शिडाची जहाजे आणि हाताने फेकायचे भाले यांच्या काळात, सुमारे ३ लाख स्पर्म व्हेल मारले गेले असा अंदाज आहे. एकट्या विसाव्या शतकात हा आकडा साडेसात लाखांच्या वर जातो. शिकारीचा कळस १८५० च्या आसपास झाला नाही. तो १९६० च्या दशकात झाला. १९६४ या एका वर्षात सुमारे २९ हजार स्पर्म व्हेल मारले गेले. तेव्हा जगात रॉकेलच काय, अणुवीजही आली होती.

या साऱ्याचे खापर मोटारींवर फोडणे अन्यायाचे होईल. सौंदर्यप्रसाधने, कातडे कमावण्याचा धंदा, साबण, यंत्रांची इतर वंगणे अशा अनेक ठिकाणी हे तेल जात होते आणि शिकारीत सोव्हिएत व जपानी जहाजांचा वाटा मोठा होता. परंतु अमेरिकेत आलेल्या स्पर्म तेलाचे एक मोठे गिऱ्हाईक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हेच होते, यात शंका नाही. हे तेल इतके मोलाचे मानले जाई की अमेरिकी सरकारने युद्धोपयोगी साठ्यांत, दुर्मिळ धातूंच्या रांगेत, तेही साठवून ठेवले होते. उपनगरातले कुटुंब रविवारी गिअरची दांडी ‘डी’वर सरकवून फिरायला निघे, तेव्हा त्या प्रवासात देवमाशाचाही थोडा अंश असे; आणि ते बहुतेकांच्या गावीही नव्हते.

१९७० च्या अखेरीस अमेरिकेच्या इंटीरियर खात्याने मोठ्या देवमाशांच्या आठ जाती संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत टाकल्या. स्पर्म व्हेल त्यांत होता. आयातीचा मार्ग बंद झाला. सॅन फ्रान्सिस्को उपसागरावरच्या रिचमंड गावात अमेरिकेतले शेवटचे देवमासा-कापणी केंद्र उरले होते, तेही १९७१ मध्ये बंद पडले. १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा आला आणि १९७३ मध्ये संकटग्रस्त प्रजातींचा. (योगायोग असा की आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’, म्हणजे अंबर, बाळगल्याबद्दल धरपकडीच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामागे हाच कायदा आणि हाच प्राणी असतो.)

तेल उद्योगाला आता पर्याय शोधणे भाग होते. जनरल मोटर्सने १९६७ पासून आपल्या मानकाला ‘डेक्सरॉन’ हे नाव दिले होते. १९७३ मध्ये देवमाशाविना बनलेले ‘डेक्सरॉन-२ सी’ आले. क्लच त्याने बऱ्यापैकी सांभाळले. घात भलत्याच ठिकाणी झाला. गिअरबॉक्सचे तेल थंड करण्यासाठी रेडिएटरच्या पोटात एक छोटा कूलर असतो. आत तेल, बाहेर पाणी. नव्या रसायनांनी या कूलरचे सांधे आतून खायला सुरुवात केली. सांधा फुटला की रेडिएटरचे पाणी तेलात शिरे. क्लचच्या चकत्यांचे अस्तर कागदी तंतूंचे असते आणि ते गोंदाने चिकटवलेले असते. पाणी लागले की ते सुटते. परिणामी गिअरबॉक्स बाद.

१९७५ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत गिअरबॉक्सच्या बिघाडांचा आणि देवमाशांवरील बंदीचा संबंध जोडणाऱ्या बातम्या आल्या. त्याच सुमारास जनरल मोटर्सने गंज रोखणारी द्रव्ये घालून ‘डेक्सरॉन-२ डी’ आणले आणि हा प्रकार आटोक्यात आला. मला यातला बोध देवमाशांच्या बाजूचा किंवा विरोधाचा वाटत नाही. बंदी योग्यच होती. पण एका तेलातला एक घटक काढला आणि बिघाड क्लचमध्ये न होता रेडिएटरमध्ये झाला, एवढी ही रसायने एकमेकांत गुंतलेली असतात, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. ‘कुठलेही लाल तेल चालते’ असे आजही जो म्हणतो, त्याला हे प्रकरण माहीत नसते.

पुढे कारखान्यात बनवलेल्या एस्टरांनी ती जागा भरून काढली. मधल्या काळात होहोबा या वाळवंटी झुडपाचेही बरेच कौतुक झाले. त्याच्या बियांतून निघणारे ‘तेल’ स्पर्म तेलासारखेच द्रवरूप मेण आहे, हे १९३३ मध्येच ठाऊक झाले होते. पण तेव्हा देवमासे स्वस्त असल्याने त्याकडे कुणी वळले नव्हते. आज होहोबा आपल्याला शांपूच्या बाटलीवर अधिक भेटतो.

आता ‘हे तेल बदलावे लागत नाही’ या तिसऱ्या उत्तराकडे येऊ.

आरंभीच्या दशकांत कुणालाच असा भ्रम नव्हता. साधारण २५ हजार मैलांना, म्हणजे ४० हजार किलोमीटरला, तेल बदलण्याची रीत होती. गिअरबॉक्सच्या चेंबरला, आणि पुष्कळदा टॉर्क कन्व्हर्टरलाही, तेल सोडायचा बोल्ट असे. १९६७ मध्ये फोर्डने ‘टाइप एफ’ नावाचे स्वतःचे तेल आणले आणि ते गिअरबॉक्सच्या आयुष्यभरासाठी आहे असे म्हटले. त्याची रचना जनरल मोटर्सच्या तेलाच्या नेमकी उलट होती. घसरण देणारी द्रव्ये त्यात नव्हती, त्यामुळे क्लच पटकन व कडक धरीत. एकाच देशात एकाच रंगाची, एकाच उपयोगाची, पण परस्परविरुद्ध स्वभावाची दोन तेले विकली जाऊ लागली. चुकीची बाटली ओतल्याने बिघडलेल्या गिअरबॉक्सांची परंपरा इथून सुरू होते.

हळूहळू चेंबरचा बोल्ट गेला. १९९० च्या दशकात कित्येक गाड्यांतून तेल मोजायची डिपस्टिकही गेली. मर्सिडीजने १९९६ च्या सुमारास आणलेल्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये डिपस्टिकची नळी होती, पण आत डिपस्टिक नव्हती; तोंडाला टोपण लावलेले. तेल ‘आजन्म’ म्हणून सांगितले गेले. काही वर्षांतच कंपनीने भूमिका बदलली आणि ६० हजार किलोमीटरच्या आसपास तेल बदलण्याचा सल्ला दिला. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणाऱ्या झेडएफ कंपनीची गंमत तर याहून मोठी. गाडी बनवणारा म्हणतो तेल आजन्म आहे. आणि ज्याने गिअरबॉक्स बनवला ती झेडएफ आपल्या सेवा-पत्रकांत ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे अशी मर्यादा सांगत आली आहे.

‘आजन्म’ ही निव्वळ थाप होती असे मात्र नाही. १९९० नंतर खनिज तेल हायड्रोजनच्या दाबाखाली अधिक शुद्ध करण्याचे तंत्र सर्रास झाले आणि तेलाचे आयुष्य खरोखरच वाढले. गिअरबॉक्सवरची इलेक्ट्रॉनिक नजर सुधारली. प्रश्न एवढाच आहे की जन्म कुणाचा मोजायचा. नवी गाडी घेणारा पहिला मालक पाच-सहा वर्षांत ती विकतो. वॉरंटीही तेव्हा संपलेली असते. तेल न बदलण्याने देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसतो आणि गाडी विकायला सोपी जाते. बिल येते ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाला. आपल्याकडे सेकंडहँड ऑटोमॅटिक गाड्यांचा बाजार आता कुठे मोठा होतो आहे, म्हणून हा दुसरा मालक बहुधा तुमच्या-माझ्यासारखाच कुणी असतो.

तेल जुने होते म्हणजे नेमके काय होते? पहिले, ते उष्णतेत हवेशी संयोग पावते. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. त्यातून चिकट रोगण तयार होऊन ते वाल्व्ह बॉडीच्या बारीक छिद्रांत बसते. दुसरे, क्लचला अलगद टेकू देणारी द्रव्ये संपत जातात; मग ठरावीक वेगाला गाडी खडबडीत रस्त्यावरून जावी तशी थरथरू लागते. तिसरे, क्लचच्या अस्तराची आणि धातूची पूड तेलात साचते. उन्हाळ्यातली पुण्या-मुंबईची वाहतूक, चढ-घाट, दर मिनिटाला थांबणे-निघणे, या सगळ्या गोष्टी परदेशी पुस्तिकांत ‘खडतर वापर’ या सदरात मोडतात आणि त्या सदरातली मुदत नेहमीच कमी असते. आपली रोजची गाडी त्या सदराबाहेर कधी असते, हे शोधावे लागेल.

आता त्या भीतीचा विचार करू: जुन्या गिअरबॉक्समध्ये नवे तेल घातले की तो जातो. या समजुतीत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. झिजलेल्या क्लचला तेलातली पूडच काही अंशी पकड देत असते; ती काढली की झीज उघडी पडते. नव्या तेलातली साफ करणारी द्रव्ये जुने रोगण सैल करतात आणि ते कण एखाद्या वाल्व्हमध्ये अडकू शकतात. यंत्र लावून दाबाने सारे तेल एकदम ढकलून काढले, तर हा धोका वाढतो.

पण माझ्या मते भीतीचे मोठे कारण वेगळे आहे. आपल्याकडे गिअरबॉक्सचे तेल बदलायचे सुचते केव्हा? गिअर उशिरा पडू लागला, झटके येऊ लागले, रिव्हर्सला गाडी हलेना, की मग. तोवर क्लच जळालेला असतो. तेल बदलले जाते, आठवड्याभरात गिअरबॉक्स थांबतो आणि दोष नव्या तेलाच्या माथी बसतो. मरणपंथाला लागलेल्या रुग्णाला शेवटचे औषध ज्या वैद्याने दिले, त्याचीच बदनामी व्हावी, तसे हे आहे. ज्यांनी ४०-५० हजार किलोमीटरला मुकाट्याने तेल बदलले आणि गाडी निर्वेध चालवली, त्यांची कथा गॅरेजमध्ये कुणी सांगत नाही.

म्हणून आधी निदान करावे. थोडे तेल काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकावा. लालचे तपकिरी होणे हे वयाचे लक्षण आहे, ते एकटे घाबरण्याजोगे नाही. काळे पडलेले, करपलेल्या वासाचे आणि बोटांत कचकचणारे तेल निघाले व गाडी गिअर सोडत असेल, तर तेल बदलून गिअरबॉक्स वाचणार नाही. तो पैसा दुरुस्तीसाठी ठेवावा. तेल गुलाबी, दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे: १९७० च्या दशकातला तोच कूलरचा रोग. तसे असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये.

गाडी नीट चालते आहे, फक्त तेल कधी बदललेले नाही, अशा वेळी यंत्राने दाब देण्यापेक्षा चेंबर उघडून निथळू द्यावे, फिल्टर बदलावा, चेंबरच्या तळाचे लोहचुंबक पुसावेत आणि निघाले तेवढेच नवे भरावे. इथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चेंबरमधून सारे तेल निघत नाही. मोठा भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. समजा गिअरबॉक्समध्ये ८ लिटर तेल आहे आणि निथळून ३.२ लिटर निघाले, तर एका खेपेस ४० टक्के तेल नवे झाले. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तसेच केले की ६४ टक्के, तिसऱ्या खेपेला ७८ टक्के. जुन्या गिअरबॉक्ससाठी हा हप्त्याहप्त्याचा बदल मला अधिक सुज्ञपणाचा वाटतो. खर्च थोडा वाढतो, पण आतल्या मळाला एकदम धक्का बसत नाही.

आणखी एक खुलासा, कारण यावर हमखास प्रश्न येतो. भारतात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांत हे तेल नसते. २०१४ मध्ये सेलेरिओपासून लोकप्रिय झालेला एएमटी हा प्रकार म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबणारा पाय तेवढा यंत्राचा. त्याला मॅन्युअलचेच गिअर ऑइल लागते. सीव्हीटीचे तेल वेगळे, दोन क्लचच्या डीसीटीचे वेगळे. सीव्हीटीत साधे एटीएफ ओतले तर आतला पट्टा घसरून गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो.

आणि बाटली. जनरल मोटर्सने २००५ मध्ये डेक्सरॉन-६ आणले आणि २००६ च्या अखेरीस डेक्सरॉन-३ चे परवाने बंद केले. त्यानंतर बाजारात दिसणाऱ्या ‘डेक्सरॉन-३ साठी योग्य’ अशा बाटल्यांमागे जनरल मोटर्सची तपासणी नाही. योग्यतेचा तो दावा बाटली भरणाऱ्याचा स्वतःचा असतो. त्यांतल्या कित्येक चांगल्याही असतात. तरीही गाडीच्या पुस्तिकेत मानकाचे जे नाव आणि जो क्रमांक छापला आहे, तोच अक्षरशः बाटलीवर शोधावा. डिपस्टिक नसलेल्या गाडीत तेलाची पातळी ठरावीक तापमानालाच पाहायची असते, बहुतेक गाड्यांत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, इंजिन चालू ठेवून आणि गाडी अगदी सपाट उभी करून. तापमान मोजणारे स्कॅनर ज्या गॅरेजकडे नाही, तिथे हे काम देऊ नये.

(धागा समाप्त. आपल्या गाडीचे मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर लिहून प्रश्न विचारल्यास उत्तर देणे सोपे जाईल.)